बधिर करणारा जेल, निळे ओठ आणि फसवा आकडा : या चुका टाळा

दात येणाऱ्या बाळाच्या हिरडीवर चोळलेला जेल, घशात मारलेला स्प्रे किंवा सुई टोचण्यापूर्वी त्वचेवर थापलेली क्रीम, ही सगळी वरवर लावायची औषधे असल्यामुळे ती रक्तापर्यंत पोहोचत नाहीत असे गृहीत धरले जाते. पुढच्या बहुतेक चुका याच समजुतीतून होतात. अशा औषधांत बधिर करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बेन्झोकेन आणि प्रिलोकेन यांच्यामुळे हिमोग्लोबिनमधील लोहाचे स्वरूप क्वचित बदलते आणि मेथेमोग्लोबिन तयार होते. ते ऑक्सिजन वाहू शकत नाही, शिवाय उरलेले हिमोग्लोबिनही जवळचा ऑक्सिजन पेशींना सहज सोडत नाही. म्हणजे दुखणे फुप्फुसाचे नसून वाहकाचे असते.

नेमके हेच लक्षात न आल्याने सर्वात महागात पडणारी चूक घडते. ओठ व नखे निळसर-राखाडी दिसतात, ऑक्सिजन लावला जातो, तरीही रंग सुधारत नाही आणि पल्स ऑक्सिमीटरचा आकडा ८५ टक्क्यांच्या आसपास अडकून राहतो. हे साधे उपकरण मेथेमोग्लोबिन वेगळे ओळखू शकत नाही, त्यामुळे प्रमाण खूप वाढले तरी आकडा तिथेच घुटमळतो. धमनीतल्या रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत ऑक्सिजनचा दाब चांगला आला म्हणून निश्चिंत होणे हीदेखील तितकीच मोठी फसगत आहे, कारण तो दाब रक्तात विरघळलेल्या ऑक्सिजनचा असतो. निदान को-ऑक्सिमेट्रीने, म्हणजे रक्तातले मेथेमोग्लोबिन वेगळे मोजणाऱ्या तपासणीने होते. पण रक्त चॉकलेटी दिसले आणि हवा लागूनही लाल झाले नाही, तर शंका तिथेच यायला हवी.

घरगुती चुका साध्या असतात. जेल पुन्हा पुन्हा लावणे, क्रीम सांगितल्यापेक्षा मोठ्या भागावर किंवा जास्त वेळ ठेवणे, सोललेल्या त्वचेवर लावणे. तान्ह्या बाळांत मेथेमोग्लोबिन पूर्ववत करणारे विकर (एन्झाइम) कमी असते, म्हणून त्यांना धोका अधिक. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दोन वर्षांखालील मुलांच्या तोंडात बेन्झोकेन वापरू नये असे स्पष्ट केले. कुष्ठरोगावरचे डॅप्सोन यासारखे औषधही मेथेमोग्लोबिन वाढवू शकते, म्हणून ते चालू असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

रंग बदलला, धाप लागली, डोके दुखू लागले किंवा गुंगी आली तर उरलेले औषध पुसून टाकावे आणि ट्यूब सोबत घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे. बेन्झोकेनचा परिणाम काही मिनिटांत दिसू शकतो. प्रिलोकेनचा मात्र काही तासांनी दिसतो, आणि तोवर क्रीमची आठवणही कुणाला राहत नाही.

उपचारातही एक खाच आहे. मिथिलीन ब्लू हे मेथेमोग्लोबिन पूर्ववत करणारे औषध शिरेतून, सामान्यतः दर किलो वजनामागे १ ते २ मिलिग्रॅम, दिले जाते आणि बहुधा लवकर उतार पडतो. परंतु जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या रुग्णात ते निष्प्रभ ठरते आणि उलट तांबड्या पेशी फुटू शकतात. नैराश्यावरची, मेंदूतले सेरोटोनिन हे रसायन वाढवणारी औषधे चालू असतील तर मिथिलीन ब्लूसोबत ती धोक्याची ठरू शकतात, म्हणून तेही आधी सांगणे आवश्यक आहे. रंग सुधारताच घरी जाण्याची घाई करू नये, कारण मेथेमोग्लोबिन पुन्हा वाढू शकते. पुढे दंतवैद्याकडे किंवा शस्त्रक्रियेला जाताना ज्या बधिर करणाऱ्या औषधाने त्रास झाला त्याचे नाव पहिल्याच भेटीत सांगावे.