घूं-घूं आवाज टायरचा की बेअरिंगचा?

गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा घूं-घूं आवाज टायरचा की चाक ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचा, हे गॅरेजला जाण्याआधी घरीच बरंचसं कळतं.

१. नाशिकहून ओझरकडे जाताना मागेपुढे कोणी नसेल तेव्हा, साधारण ५०-६० च्या वेगात क्लच दाबा. आवाज तसाच राहिला तर तो इंजिनचा नाही. डांबरीवरून काँक्रीटवर गेल्यावर बदलला, तर बहुधा टायरचा.

२. स्टिअरिंग अगदी हलकं उजवीकडे न्या. आवाज वाढला तर संशय डाव्या चाकाच्या बेअरिंगवर, कारण भार तिकडे जातो. डावीकडे नेल्यावर वाढला तर उजव्यावर.

३. खात्रीसाठी ते चाक जॅकवर उचलून, गाडी न्यूट्रलला ठेवून हाताने फिरवा. दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर. खरखर कानाआधी बोटांना लागते.

नुसत्या जॅकवर भरवसा नको. गाडीखाली आधाराला स्टँड आणि बाकी चाकांना उटी (चाक घरंगळू नये म्हणून लावायचा दगड किंवा ठोकळा) हवीच.