संरक्षणाच्या निर्णयाची बातमी: आधी क्रियापद तपासा

१४ जून २०२२. दिल्लीत चार वर्षांच्या सैन्यभरतीची अग्निपथ योजना जाहीर झाली आणि संध्याकाळी मी कोरेगाव तालुक्यातल्या एका गावाच्या माळावर होतो. भरतीची तयारी करणारी पंधरा-वीस पोरं तिथे रोज सोळाशे मीटर पळायची. करोनामुळे दोन वर्षं भरती मेळावे झाले नव्हते, काहींचं वय हातातून निसटत चाललं होतं. त्यातल्या एकाने मोबाइलवरची बातमी माझ्यापुढे धरली. "सर, चार वर्षांनी सरकार पावणेबारा लाख देणार म्हणे. खरं का?"

खिशात लग्नपत्रिकेचं पाकीट होतं. त्याच्या पाठीवर हिशेब मांडला. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, त्यातले ३० टक्के म्हणजे ९ हजार कापून सेवानिधीत, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या निधीत. हातात २१ हजार. दुसऱ्या वर्षी ३३ हजारांतले ९,९००, तिसऱ्या वर्षी साडेछत्तीस हजारांतले १०,९५०, चौथ्या वर्षी ४० हजारांतले १२ हजार. चार वर्षांत मुलाच्याच पगारातून कापलेले ५ लाख २ हजार. तेवढेच सरकार घालणार, वर व्याज. असे होतात ११.७१ लाख. पोरगं बराच वेळ पाकिटाकडे बघत राहिलं. म्हणालं, "म्हणजे निम्मे माझेच की."

हा तक्ता सरकारी पत्रकातच छापलेला होता, कुणी लपवला नव्हता. बातमी लिहिणाऱ्याने फक्त शेवटचा आकडा उचलला आणि त्यापुढे 'देणार' हे क्रियापद लावलं. साताऱ्यात राहून वीस-बावीस वर्षं संरक्षणाच्या बातम्या करतोय. या जिल्ह्यात असे गाव विरळाच, जिथून कुणी फौजेत गेलेलं नाही. नवीन येणाऱ्या वार्ताहरांना मी पहिली गोष्ट हीच सांगतो: निर्णयाची बातमी आकड्यावर नाही, क्रियापदावर उभी असते. ते चुकलं की बाकी सगळं बरोबर असूनही वाचकाची फसवणूक होते.

म्हणून पत्रक हातात आलं की पेन्सिल घेऊन बसा. नुसती क्रियापदं आणि त्यांना चिकटलेले छोटे शब्द अधोरेखित करा. अग्निपथच्या पत्रकात प्रत्येक तुकडीतल्या '२५ टक्क्यांपर्यंत' अग्निवीरांना कायम सेवेत घेण्याची तरतूद होती. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी छापून आलं, '२५ टक्के कायम होणार'. 'पर्यंत' गळलं आणि वरची मर्यादा होती तिची हमी झाली. पत्रक मराठीत येतं तेव्हा असे शब्द भाषांतरातही हरवतात. त्यामुळे इंग्रजी प्रत शेजारी ठेवून वाचायची, कितीही घाई असली तरी.

खरेदीच्या बातम्यांत तर याहून मोठा घोळ होतो. संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या संरक्षण अधिग्रहण परिषदेने 'आवश्यकतेची स्वीकृती' दिली, की दुसऱ्या दिवशी मथळा येतो, 'भारत अमुक विमाने घेणार' किंवा थेट 'खरेदी'. स्वीकृतीचा अर्थ एवढाच, की ही वस्तू लागणार आहे हे सरकारने मान्य केलं. त्यानंतर निविदा किंवा दुसऱ्या सरकारला पत्र, तांत्रिक छाननी, गरज असेल तिथे चाचण्या, किमतीच्या वाटाघाटी, मोठा व्यवहार असेल तर मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीची मंजुरी आणि मग कुठे करारावर सही. माल येतो तो त्याच्याही पुढे काही वर्षांनी.

एक उदाहरण पाठच करून ठेवा. १३ जुलै २०२३ ला परिषदेच्या एकाच बैठकीत नौदलासाठी २६ राफेल-मरीन विमानं आणि मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधायच्या आणखी तीन स्कॉर्पीन पाणबुड्या, या दोन्हींना स्वीकृती मिळाली. विमानांचा करार झाला २८ एप्रिल २०२५ ला, सुमारे ६३ हजार कोटींचा. म्हणजे साडेएकवीस महिन्यांनी. आणि सगळी विमानं हातात येण्याचं वर्ष सांगितलंय २०३०. त्याच दिवशी स्वीकृती मिळालेल्या पाणबुड्यांचा करार तेव्हाही झालेला नव्हता. २०२३ मध्ये ज्यांनी दोन्ही 'घेतल्या' असं लिहिलं त्यांच्या वाचकाला हा फरक कळणार कसा? माझा साधा नियम आहे. पहिल्याच परिच्छेदात लिहायचं की हा टप्पा कोणता आणि यापुढे कोणते उरलेत. दोन ओळी लागतात.

अर्थसंकल्पाचंही तसंच. २०२५-२६ साठी संरक्षणाला ६ लाख ८१ हजार २१० कोटी, हा मथळा सगळ्यांचा एकच. पण त्यात भांडवली खर्च, म्हणजे नवी शस्त्रं, जहाजं, विमानं यांच्यासाठी साधारण १ लाख ८० हजार कोटी, आणि निवृत्तिवेतनाचे १ लाख ६० हजार कोटींहून जास्त. आमच्या जिल्ह्याला हा दुसरा आकडा जवळचा, तोच दर महिन्याला गावातल्या बँकेत उतरतो.

कागद कुठे मिळतात, हे दिल्लीबाहेरच्या वार्ताहराला कुणी सांगत नाही. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल आणि 'कॅग'चे, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे अहवाल संसदेत मांडले जातात. रिकामी पदं, न वापरलेला निधी, रखडलेली कामं, हे सगळं तिथे मंत्रालयाच्याच उत्तरांत सापडतं. आपल्याला हवी ती माहिती तिथेही नसेल तर खासदाराच्या कार्यालयात जा आणि अतारांकित प्रश्न टाकायची विनंती करा. किमान १५ दिवसांची सूचना लागते, म्हणून अधिवेशनाच्या आधीच जायचं. येणारं उत्तर लेखी असतं, त्याला कुणी नंतर 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणू शकत नाही. माहिती अधिकारही चालतो. गुप्तचर यंत्रणा आणि डीआरडीओ ही संरक्षण संशोधन संस्था यांना कायद्याने सूट आहे, तीही भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांची बाब सोडून. लष्कर त्या यादीत नाही. सुरक्षेला बाध येईल अशी माहिती नाकारता येते, पण अर्ज करायलाच घाबरू नका.

माणसांशी बोलताना मात्र फार जपायचं. नोकरीत असलेल्या जवानाला परवानगीशिवाय पत्रकाराशी बोलता येत नाही. सुट्टीवर आलेला मुलगा पारावर बसून मोकळेपणाने बोलतो, आपण ते छापतो आणि भोगतो तो. मी निवृत्त सुभेदार साहेबांकडे जातो, पण त्यांना आधी विचारतो, "साहेब, तुम्ही कोणत्या साली पेन्शनीत आलात?" बारा-पंधरा वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या माणसाकडून भरतीचं, शिस्तीचं, गावाचं मोलाचं कळतं, आजच्या तैनातीचं नाही. निवृत्त अधिकारी एखाद्या शस्त्राची बाजू घेत असतील तर सध्या कोणत्या कंपनीशी संबंध आहे का, हेही विचारा आणि उत्तर छापा. आणि सीमा सुरक्षा दलाचा जवान गेला तर 'लष्करी जवान' लिहू नका. ते दल गृह मंत्रालयाच्या हाताखाली आहे, त्याच्या घरच्यांना मिळणाऱ्या हक्कांचे नियमही निराळे.

काय छापायचं नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २६/११ च्या थेट प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात ओढलेले ताशेरे प्रत्येक वार्ताहराने वाचावेत. पहलगामनंतर २६ एप्रिल २०२५ ला माहिती व प्रसारण मंत्रालयाने लष्करी हालचालींचं थेट वार्तांकन करू नका, अशी सूचना काढली. पण त्याच सुमारास हळदीच्या अंगाने सीमेवर निघालेल्या जवानांच्या बातम्या गावोगावून येत होत्या. आमच्याकडे आलेल्या एका मजकुरात युनिट, ठिकाण आणि गाडीचं नाव, तिन्ही होतं. मी तिन्ही काढलं. वार्ताहर नाराज झाला, पण बातमीत आईचे शब्द होते आणि ते पुरेसे होते.

याच्या उलट, करार किती वर्षं रखडला, किंमत किती वाढली, भरतीच्या अटी काय, हे गुप्त नाही. कुणी 'देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे' म्हणून फोन ठेवला, तर कागद दाखवून पुन्हा विचारा. इथे मागे हटू नका.

माळावरच्या त्या पोराचं सांगायचं राहिलं. त्याला एकविसावं उलटून गेलं होतं आणि जाहीर झालेली मर्यादा २१ ची होती. मी दुसऱ्या दिवशी तसंच लिहिलं, 'आज जाहीर झालेल्या अटींनुसार' हे शब्द न घालता. १६ जूनच्या रात्री सरकारने त्या वर्षापुरती मर्यादा २३ केली. मधले दोन दिवस त्याने पळणं सोडलं होतं, हे मला त्याच्या आईने नंतर सांगितलं. तेव्हापासून ते चार शब्द मी कधी गाळत नाही.

तो पहिल्या तुकडीत लागला. त्याची चार वर्षं संपतात जानेवारी २०२७ मध्ये. वहीत त्या महिन्याच्या पानावर मी त्याच्या आईचा नंबर लिहून ठेवलाय आणि खाली एकच ओळ: 'पर्यंत' म्हणजे नेमके किती?