सेमी-ऑटो पॉइंट टू-टू रायफल अडकते, ग्रुप पसरतो? या चुका टाळा

ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका, पसरला की पहिला राग बॅरलवर, म्हणजे नळीवर, निघतो. मग नवं बॅरल, नवा ट्रिगर, नवा बोल्ट (काडतुसामागचा मागेपुढे सरकणारा भाग) अशी खरेदीची यादी तयार होते. काडतुसं मात्र तीच, जी हाताला लागली ती. माझ्या मते इथेच क्रम चुकतो. पॉइंट टू-टूची काडतुसं रिमफायर, म्हणजे पिन पुंगळीच्या काठावर आदळून उडणारी असतात. ती व्यवहारात कुणी पुन्हा भरत नाही, त्यामुळे दारू किती आणि गोळी कोणती हे आपल्या हातात नसतं. हातात असते फक्त निवड. चार-पाच प्रकारची काडतुसं घ्या आणि टेकूवरून 50 मीटरवर प्रत्येकाचे दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप काढा. तीन गोळ्यांचा देखणा ग्रुप बहुतेक वेळा योगायोग असतो. ब्रँड बदलल्यावर पहिल्या काही गोळ्या हिशेबात धरू नका. शिशाच्या गोळीवर मेणाचा किंवा ग्रीसचा थर असतो, आणि नळीत जुना थर जाऊन नवा बसायला थोडे बार लागतात.

‘जितका वेग जास्त तितका नेम चांगला’ हा समजही सोडा. 40 ग्रेन वजनाची स्टँडर्ड व्हेलॉसिटी गोळी सेकंदाला साधारण 1070 फूट जाते, हाय व्हेलॉसिटी 1200 च्या पुढे. आवाजाचा वेग आहे सुमारे 1125. वेगवान गोळी वाटेत ही सीमा ओलांडून खाली येते तेव्हा डळमळू शकते. म्हणून टार्गेटसाठी स्टँडर्ड बरी. पण या रायफली बहुतेक साध्या ब्लोबॅकच्या असतात, म्हणजे मागे येणारी पुंगळीच बोल्टला ढकलते. काडतूस फारच मंद असेल तर बोल्ट पूर्ण मागे जात नाही. तुमची रायफल न अडकता चालवेल असं सर्वात मंद काडतूस शोधायचं, एवढीच ही तडजोड.

साफसफाईत दोन चुका एकत्र दिसतात. काही जण दर वेळी बॅरल घासतात आणि चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं तो मागचा भाग, विसरतात. अडकण्याचं मूळ बरेचदा चेंबरच्या तोंडाशी साचलेल्या मेण-काजळीत असतं. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं असल्याचं डोळ्यांनी आणि बोटानं तपासा, मग तिथे ब्राँझचा ब्रश फिरवा. एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी चेंबरमधून ओढणाऱ्या आकड्याच्या, नखाखालचा मळही काढा. रुगर 10/22 सारख्या बऱ्याच रायफलींचा रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो ती चौकट) मागून बंद असतो, त्यामुळे सळई पुढून घातली जाते आणि नळीच्या तोंडाची कड झिजते. ती कड बिघडली की अचूकता गेलीच. दोरीचा क्लीनर चेंबरकडून पुढे ओढा. तेल अगदी थोडं. मॅगझिनच्या आत तर नकोच, न जळलेली दारू त्याला चिकटून चिखल होतो.

अडकल्यावर बोल्ट घाईनं ओढू नका, आधी बघा. पुंगळी चेंबरमध्येच राहिली असेल तर एक्स्ट्रॅक्टर किंवा चेंबरचा मळ. बाहेर निघून बोल्टखाली चिमटली असेल तर मंद काडतूस, थकलेला इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) किंवा घाण. नवं काडतूस नाक वर करून थांबलं असेल तर मॅगझिन. मॅगझिनांवर क्रमांक टाका. दोष एकाच क्रमांकाला सापडणं नवं नाही. पहिलं काडतूस भरताना बोल्ट हातानं हळूच पुढे सोडणं ही वेगळीच सवय. त्याला स्प्रिंगच्या जोरावर जाऊ द्या, नाहीतर तो नीट बंद होत नाही.

स्टॉकचे (दस्त्याचे) आणि स्कोपच्या माउंटचे स्क्रू उत्पादकाच्या आकड्यानुसार टॉर्क रेंचनं आवळा. मोठ्या रायफलीसाठीचा स्कोप लावला असेल, तर त्याचा पॅरलॅक्स (डोळा हलला तरी नेम सरकू नये म्हणून जुळवलेलं अंतर) सहसा 100 यार्डांवर बसवलेला असतो. 50 वर डोळा जरा हलला तरी नेम सरकतो. सिअर (घोडा अडवून धरणारा भाग) कानशीनं घासून ट्रिगर हलका करायच्या फंदात मात्र पडू नका. रायफल धक्क्यानं आपोआप उडू शकते.

घोडा पडला आणि बार उडाला नाही, तर नळी टार्गेटकडेच ठेवून किमान 30 सेकंद थांबा, मग काडतूस काढा. पुंगळीच्या काठावर ठसा पुसट असेल तर फायरिंग पिनच्या खाचेत मळ शोधा. आणि बार नुसताच ‘फुस्’ झाला, तर पुढचा बार अजिबात नको. मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबर रिकामं करा आणि नळीत गोळी अडकली नाही ना, हे चेंबरकडून दोरीचा क्लीनर सरकवून बघा.