परदेशातून गाडीचा पार्ट मागवताय? आधी वाहतूक खर्च बघा

जुन्या परदेशी गाडीचा पार्ट बाहेरून मागवताना बहुतेकजण फक्त त्याची किंमत बघतात. पण सीमाशुल्क लागतं ते किंमत, वाहतूक आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर, आणि त्यावर परत आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. म्हणजे १०,००० चा पार्ट जहाजानं आला आणि ६,००० भाडं असेल, तर कर निदान १६,००० वर. विमानानं आला तर करासाठी भाडं किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच धरतात. ब्रेक डिस्कसारखी जड वस्तू म्हणूनच अंगावर येते. दोन-तीन पार्ट एकाच खोक्यात मागवले की भाडं बऱ्याचदा वाचतं.

कुरियरवाले कर भरल्याबद्दल वेगळी फी लावतात, ती आधीच विचारा. बिलावर किंमत कमी लिहून घेऊ नका, माल जप्त होऊ शकतो. ‘गिफ्ट’ लिहिण्याचाही उपयोग नाही, भेटवस्तूंवरची करसवलत २०१९ च्या डिसेंबरातच गेली.

आणि खरं सांगू? ऑर्डरआधी जुना पार्ट रॉकेलच्या ब्रशनं घासून त्यावरचा नंबर वाचा. त्याच नंबरचा पार्ट कधी कधी पुण्या-मुंबईतच मिळून जातो. साधा बुश किंवा ब्रॅकेट असेल तर नमुना घेऊन थेट उद्यमनगरात, म्हणजे छोट्या कारखान्यांच्या वसाहतीत जा, लेथवर करून देतात. ब्रेक, स्टिअरिंगचं काम मात्र तिथं करून घेऊ नका. ते कंपनीचंच घ्या.