जुनी वस्तू सजवायला घेताना

जुनी वस्तू सजवायची म्हटलं की हात आधी रंगाच्या डबीकडे जातो. हे काम नव्याने शिकणाऱ्यांना मी एकच सांगते, आधी वस्तू कशाची आहे ते बघा. लाकूड रंग पितं, काच तो नुसता वरच्यावर धरते आणि गुळगुळीत प्लास्टिकवरून तर त्याचे पोपडे निघतात. म्हणून पहिली वस्तू लाकडी, सपाट आणि लहान घ्या. ट्रे किंवा झाकणाची पेटी उत्तम. खुर्ची मात्र नको, दांडे आणि सांधे रंगवण्यातच सगळा हुरूप संपतो.

निम्मं काम रंग उघडण्याआधीच होतं. साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढा, वस्तू पूर्ण वाळू द्या. मग 120 नंबरचा जाडसर पॉलिशपेपर फिरवा आणि नंतर 220 चा बारीक. घासायचं ते लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवं घासलं की ओरखडे रंगाखालूनही दिसतात. जुनं पॉलिश पूर्ण काढायची गरज नसते, चकाकी गेली की पुरे. वस्तू फार जुनी असेल आणि तिच्यावर मूळचा तेलरंग असेल, तर ती घासूच नका. पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं आणि घासताना ती धूळ थेट श्वासात जाते. पत्र्याचा डबा असेल तर गंज काढून आधी धातूचा प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा खालचा थर, लावा. काच स्पिरिटने पुसा आणि त्यानंतर तिला बोटं लावू नका.

सुरुवातीला डेकूपाज शिका, म्हणजे कागदी चित्र चिकटवून वरून वॉर्निश करायचं. चित्रकला येत नसली तरी चालतं, म्हणून मला ते फार जवळचं वाटतं. छापील टिशू नॅपकिनला दोन-तीन पदर असतात. त्यातला फक्त वरचा, चित्राचा पदर हलकेच सोडवून घ्या. खालचा पांढरा पदर राहिला तर पुढे तिथेच फुगा येतो. चित्र कात्रीने न कापता ओल्या ब्रशने कडेने रेघ ओढून फाडा, मग कडा रंगात विरून जाते. टिशूतून खालचा रंग दिसतो, त्यामुळे पार्श्वभूमी पांढरी किंवा अगदी फिकी ठेवा.

सुरकुत्यांचा सगळ्यांनाच धसका असतो. त्यावर मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो इस्त्रीचा उपाय. वस्तूवर पांढऱ्या गोंदाचा पातळ थर देऊन तो पूर्ण वाळवा. त्यावर चित्र ठेवा, वर बेकिंग पेपर घाला आणि कोमट इस्त्री दाबा. उष्णतेने गोंद मऊ होतो आणि कागद सपाट बसतो. घरच्या प्रिंटरवर छापलेलं चित्र वापरणार असाल तर ते लेझर प्रिंटरचं हवं. इंकजेटची शाई बहुधा ओलाव्याने पसरते.

कागद कापून चिकटवणं हे किरकोळ काम नाही. इंग्लंडच्या मेरी डिलेनी यांनी वयाच्या बहात्तराव्या वर्षाच्या सुमारास रंगीत कागदाच्या कपच्यांतून फुलांची चित्रं करायला घेतली. त्यांची सुमारे हजार चित्रं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

हात बसला की रंगाला जुनाट दिसणारे तडे पाडून बघा. गडद रंगाचा थर वाळल्यावर त्यावर पांढरा गोंद लावा. तो चिकट असतानाच, वाळायच्या आत, फिक्या ॲक्रिलिक रंगाचा हात द्या. वरचा रंग लवकर वाळून आकसतो, खालचा गोंद अजून मऊ असल्याने सरकतो, आणि तुमच्या डोळ्यांदेखत जाळं उमटायला लागतं! गोंद जाड तर तडे रुंद. इथे ब्रश एकाच दिशेने आणि एकदाच फिरवायचा, पुन्हा फिरवला की तडे बुजतात. स्टेन्सिलला, म्हणजे नक्षी कापलेल्या साच्यातून रंगवायला, याच्या उलट शिस्त लागते: ब्रश जवळजवळ कोरडा ठेवून टिपत जायचं, म्हणजे रंग कडेखाली झिरपत नाही.

शेवटी वॉर्निश. एक जाड थर देण्यापेक्षा तीन पातळ थर द्या आणि प्रत्येक थर वाळू द्या. फिक्या रंगावर पाण्यात मिसळणारंच वॉर्निश घ्या, तेलाचं कालांतराने पिवळं पडतं. बशी किंवा वाडगा सजवला असेल तर जिथे अन्न लागतं ती बाजू कोरी ठेवा. वस्तू हाताला कोरडी लागली तरी थर आतून पक्का व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर ट्रेवर गरम कप ठेवू नका आणि पुसायचा झाल्यास ओलसर फडक्यानेच पुसा.