नवे पॅड, नवी डिस्क आणि तरीही आवाज: गॅरेजात नव्याने येणाऱ्यांसाठी

आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम संपवून गॅरेजात आलेल्या मुलांसमोर, पुढच्या चाकांचे पॅड आणि डिस्क नुकतेच बदलूनही ब्रेक ओरडत असल्याची तक्रार लवकरच येते. अशा वेळी नवा माल खोटा निघाला, असे म्हणून पॅडचा दुसरा जोड मागवण्याकडे कल असतो. माझा अनुभव असा की दोष बहुधा नव्या भागांत नसतो. ते भाग ज्या जुन्या पृष्ठभागांवर बसवले, तिथे तो असतो.

चाक उघडण्यापूर्वी गाडीमालकाला शेजारी बसवून एक फेरी मारावी. ब्रेक न दाबताही चाकाच्या गतीबरोबर खरखर येत असेल, तर डिस्कमागचा पातळ पत्रा आधी पाहावा. गंजून अडकलेली जुनी डिस्क हातोडीने काढताना तो वाकतो आणि डिस्कला घासू लागतो. हाताने किंचित मागे ओढला की काम भागते. खड्ड्यावरून जाताना टकटक होत असेल, तर पॅड धरून ठेवणाऱ्या क्लिपा जुन्याच वापरल्या आहेत का, हे तपासावे. हलक्या ब्रेकवर येणारी बारीक किंचाळी म्हणजे पॅड आणि डिस्क यांची वेगवान कंपने असतात, आणि तिचे मूळ शोधायला वेळ द्यावा लागतो.

त्या शोधाची सुरुवात कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, सरकत्या पिनांपासून करावी. पिना बोटांनी सहज आतबाहेर झाल्या पाहिजेत. एक पिन अडकली की पॅड तिरका टेकतो, एका टोकाला जास्त झिजतो आणि ओरडतो. पिना पुसून त्यांना ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावावे. साधे ग्रीस रबरी टोप्या फुगवते. काही गाड्यांत दोन पिनांपैकी एकीच्याच टोकाला रबर असते, त्यामुळे त्यांची अदलाबदल होऊ देऊ नये. पॅडचे कान ज्या खाचांत बसतात, तिथला गंज वायर ब्रशने पूर्ण काढावा. पॅडच्या पाठीवरची शिम, म्हणजे पातळ पट्टी, फेकून देण्याची काही गॅरेजांतली पद्धत मला मुळीच पटत नाही, कारण कंपने शोषून घेणे हेच तिचे काम आहे.

ब्रेक दाबल्यावर आवाजाबरोबर पेडलही थरथरत असेल, तर हबकडे, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागाकडे, वळावे. हबच्या तोंडावर गंजाची पापडी राहिली, तर तिच्यावर बसवलेली डिस्क कडेला मोजण्याइतकी डगमगते. हब घासून धातू उघडा करावा, डिस्क सगळ्या नटांनी घट्ट बसवावी आणि कडेपासून सुमारे 10 मिमी आत डायल गेज (बारीक फरक सुईने दाखवणारे मापक) टेकवून ती सावकाश फिरवावी. बऱ्याच गाड्यांत 0.05 ते 0.10 मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही. नेमकी मर्यादा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावी. फरक जास्त आला, तर डिस्क हबवर एक बोल्ट पुढे सरकवून पुन्हा मोजावे, कारण हब आणि डिस्क यांचे चढउतार कधीकधी एकमेकांना भरून काढतात. डायल गेज कपाटात ठेवून नजरेने अंदाज बांधणारे उस्ताद बरेच आहेत. पण इतका बारीक फरक नजरेला दिसत नाही.

नव्या डिस्कवर गंज रोखणाऱ्या तेलाचा थर असतो. तो ब्रेक क्लीनरने पुसला नाही, तर तेल पॅडमध्ये मुरते, आणि मग तो पॅड घासत बसण्यापेक्षा बदललेला बरा. जोडणी झाल्यावर पेडल घट्ट होईपर्यंत दाबावे, ब्रेक तेलाची पातळी पाहावी आणि मगच गाडी हलवावी. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी 50 किमीवरून 10 किमीपर्यंत, चाक लॉक न होऊ देता, आठदहा वेळा मध्यम ब्रेक लावावा आणि प्रत्येक वेळी मध्ये अर्धा मिनिट गाडी चालू ठेवून डिस्क निवू द्यावी. पॅड तापलेले असताना ब्रेक दाबून उभे राहिल्यास पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि पुढे तीच थरथर सुरू होते.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज चढतो आणि सकाळी पहिल्या काही ब्रेकांना खरखर येते. तिला दुरुस्ती लागत नाही, पण हे गाडी ताब्यात देतानाच मालकाला सांगावे. सारे तपासूनही धातूचे प्रमाण जास्त असलेल्या पॅडची बारीक किंचाळी उरली, तर सिरॅमिक पॅडची किंमत सांगून निर्णय त्याच्यावर सोडावा.