आधी ग्लास, मग लेबल: नामांकित वाइन कशी चाखावी, कशी जोखावी

शातो मार्गो किंवा रोमाने-काँती असं नाव असलेली बाटली टेबलावर आली की भोवतालच्या माणसांचा आवाजच बदलतो. बूच निघण्याआधी निम्म्यांचं मत ठरलेलं असतं आणि मग डोळ्यांनी जे वाचलं तेच नाक शोधत बसतं. मला हे फार खटकतं. अशा वाइनमागे माणसांची अनेक वर्षांची मेहनत असते. न चाखताच केलेली वाहवा म्हणजे त्या मेहनतीकडे दुर्लक्षच. म्हणून मी प्रत्येक नामांकित वाइनचा निवाडा दोनदा करते. पहिला लेबल झाकून, दुसरा लेबल वाचून. दोन्ही वेगवेगळे लिहून ठेवते आणि दुसऱ्यासाठी पहिला कधीच खोडत नाही.

डोळे नाकावर किती हुकमत गाजवतात हे फ्रान्सच्या बोर्दो या वाइनच्या मुलखातल्या एका प्रयोगाने दाखवून दिलं. तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एकच पांढरी वाइन दोन ग्लासांत दिली होती, फक्त एका ग्लासात वास नसलेला लाल रंग मिसळला होता. त्या ग्लासाचं वर्णन करताना विद्यार्थ्यांनी लाल वाइनसाठी वापरतात तेच शब्द वापरले. ही शिकणारी, सराव असलेली मुलं होती. रंगाने एवढं होत असेल तर मोठ्या नावाने काय होईल याचा विचार करा.

झाकण्याची रीत

बाटलीला नुसता कागद गुंडाळून भागत नाही. फ्रान्सच्याच बर्गंडी प्रांताची बाटली उतरत्या खांद्यांची, बोर्दोची ताठ खांद्यांची. आकारावरूनच अर्धं गुपित फुटतं. मी सगळ्या वाइन एकसारख्या डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत, काढून घेते. हे काम चाखायला न बसणाऱ्या माणसाने करायचं, क्रमांकही त्यानेच द्यायचे. ग्लास सगळे एकाच घाटाचे हवेत, पोटाशी रुंद आणि तोंडाशी निमुळते. चाखण्यासाठी १९७७ मध्ये ठरलेला आयएसओ ग्लास २१५ मिलिलिटरचा आहे. तुलनेला तो पुरतो, पण जुन्या बर्गंडीचा वास त्यात कोंडल्यासारखा वाटतो, तिला मी मोठाच ग्लास घेते. प्रत्येक ग्लासात साधारण ५० मिली ओता आणि सगळ्यांत सारखंच ओता.

तापमान सांभाळा. लाल वाइन १६ ते १८ अंशांवर. त्याहून थंड असेल तर वास मिटून राहतो आणि टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतला तुरटपणा) बोचतं, जास्त गरम झाली तर अल्कोहोलच नाकात शिरतं. चांगली पांढरी वाइन १० ते १२ अंशांवर. फ्रिजमधून थेट काढलेली मोंत्राशेसारखी बर्गंडीची पांढरी वाइन जोखूच नये, कारण गारठ्यात तिचे दोषही लपतात आणि गुणही.

जुनी बाटली असेल तर दोन दिवस आधी उभी करून ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. ओतताना गळ्यामागे उजेड धरा आणि गाळाची रेघ खांद्यापर्यंत आली की थांबा. इटलीच्या बारोलो या लाल वाइनची तरुण बाटली असेल तर तिला दोन तास हवा दिली तरी चालते. पंचवीस-तीस वर्षांच्या बर्गंडीला मात्र ओतल्या ओतल्या हुंगायला सुरुवात करा, तिचा सुगंध कधी कधी अर्ध्या तासात विरून जातो.

आता रांगेत काय ठेवायचं ते. सगळ्याच बाटल्या नामांकित असतील तर तुलना होत नाही. त्याच द्राक्षाची, त्याच सुमाराच्या सालाची, पण फारसं नाव नसलेल्या घराण्याची, म्हणजे वाइन बनवणाऱ्याची, एक वाइन मध्ये हवीच. आणि एक वाइन दोन वेगळ्या क्रमांकांनी दोनदा ठेवायला सांगा. ती तुमची स्वतःची परीक्षा. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या स्पर्धेतल्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन तीन वेळा, न सांगता दिली होती. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जेमतेम दहा टक्के परीक्षक तिन्ही वेळा एकाच पदकाच्या पट्ट्यात राहिले. आपल्या जोडीच्या ग्लासांना तुम्ही फार वेगळे गुण दिले असतील तर त्या दिवशीच्या बाकीच्या गुणांकडेही जपून पाहा.

नजर आणि नाक

नजरेला फार वेळ देऊ नका. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून कडेचा रंग पाहा: लाल वाइन जुनी होते तशी कड विटकरी, मग तपकिरी होत जाते, पांढरी वाइन सोनेरी होत गडद होते. काचेवरून उतरणारे ओघळ मुख्यतः अल्कोहोलमुळे दिसतात, दर्जाशी त्यांचा संबंध नाही. रंग फिका म्हणून वाइन हलकी असंही समजू नका. बारोलोचं नेबिओलो द्राक्ष फिका रंग देतं आणि टॅनिन मात्र जबरदस्त.

खरं काम नाकाचं. पहिल्यांदा ग्लास न हलवता हुंगा, कारण नाक फार लवकर सरावतं आणि पहिल्या दोन-तीन श्वासांत जे कळतं ते पुढे पुसट होतं. मग ग्लास फिरवून पुन्हा हुंगा. आधी एकच प्रश्न विचारा: वाइन निरोगी आहे का?

बुचाच्या दोषाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण नामांकित बाटल्यांवर सगळ्यात मोठा अन्याय इथेच होतो. टीसीए नावाचं संयुग लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढं असलं तरी जाणवतं. जास्त असेल तर ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट तळघराचा वास येतो आणि कुणालाही ओळखता येतो. कमी असेल तेव्हा खरी पंचाईत. कुबट वास येतच नाही, फक्त फळ मागे सरतं. एकाच वाइनच्या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या तर फरक लख्ख दिसतो: एका ग्लासात चेरी, सुकलेली गुलाबाची पाकळी, मागून तंबाखू, दुसऱ्यात तीच आम्लता, तेच टॅनिन, पण मधली जागा रिकामी आणि घोट संपताच सगळं संपलेलं. लोक अशा ग्लासावर ‘या घराण्याचं नाव उगाच मोठं’ असा शेरा मारून मोकळे होतात. माझी पद्धत अशी की ग्लास बंद वाटला तर तो जोरात फिरवून बाजूला ठेवायचा आणि वीस मिनिटांनी पुन्हा हुंगायचा. जळलेल्या काडीचा किंवा गंधकाचा वास असेल तर बहुतेक वेळा तो हवेने ओसरतो आणि फळ वर येतं. टीसीए ओसरत नाही, उलट कुबटपणा अधिक ठळक होतो. तसं झालं तर त्या बाटलीला गुण देऊ नका, दुसरी बाटली उघडा.

निरोगी असेल तर वासांची नोंद करा, पण तुमच्या स्मरणात जे आहे तेच लिहा. ब्लॅककरंट कधी हुंगलेलं नसेल तर ते केवळ इतर लोक लिहितात म्हणून लिहू नका. शिवाय कुणाचंच नाक पूर्ण नसतं. सिराह द्राक्षाच्या लाल वाइनमधला काळ्या मिरीचा वास रोटंडोन या संयुगामुळे येतो आणि सुमारे पाचातल्या एका माणसाला तो जवळजवळ येतच नाही. म्हणून शक्यतो चौघा-पाचांनी मिळून चाखावं. मात्र प्रत्येकाचं लिहून होईपर्यंत कुणीही बोलायचं नाही. एकाने ‘चामडं’ म्हटलं की सगळ्यांना चामडंच यायला लागतं.

तोंडात

घोट चांगला तोंडभर घ्या, गालांत फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा. घशामागून नाकाकडे जाणारा वास हाच चवीचा मोठा भाग असतो. मग थुंका. मोठ्या वाइनवर थुंकायला जीव होत नाही हे मला कळतं, पण पाचव्या ग्लासापर्यंत डोकं स्वच्छ राहायला हवं असेल तर इलाज नाही. आवडलेला ग्लास शेवटी निवांत प्यावा.

थुंकल्यावर तीन ठिकाणी लक्ष द्या. जिभेच्या कडांना पाणी सुटतं ती आम्लता. हिरड्या आणि गालांची आतली बाजू आवळली जाते ते टॅनिन. घशात ऊब चढते ते अल्कोहोल. टॅनिन किती आहे यापेक्षा ते कसं आहे याला मी जास्त महत्त्व देते. चांगल्या तरुण बारोलोत ते पुढच्या हिरड्यांना घट्ट पकडतं, पण त्याचे कण बारीक असतात आणि त्यातून फळाची चव वाहत राहते. कच्च्या टॅनिनमध्ये जीभ खरखरीत होते आणि चव तिथेच अडते.

मग चव किती रेंगाळते ते मोजा. फ्रेंच लोक यासाठी कोदाली हे एकक वापरतात, एक कोदाली म्हणजे एक सेकंद. फळाचा, मसाल्याचा, खनिजाचा स्वाद टिकतोय तोवरच मोजायचं. नुसता कडवटपणा किंवा घशातली ऊब मोजायची नाही. माझ्या लेखी दहा सेकंदांत विझणारी वाइन थोर नव्हे, नाव कितीही मोठं असो. आणि ग्लास संपवू नका. तासाभरात दर पंधरा मिनिटांनी त्याकडे परत या. साधी वाइन पहिल्या पाच मिनिटांत जे सांगायचं ते सांगून मोकळी होते. थोर वाइन तिसऱ्या फेरीला काहीतरी नवं दाखवते, आणि मला हा सगळ्यात भरवशाचा पुरावा वाटतो.

गुण देताना समतोल, तीव्रता, गुंतागुंत, लांबी हे चार मुद्दे पुरतात. आधी शब्द लिहा, मग ग्लास क्रमाने लावा, आकडा सगळ्यात शेवटी. शंभराच्या पट्टीने दबून जाऊ नका. वाइन समीक्षक रॉबर्ट पार्करच्या प्रसिद्ध पद्धतीत पहिले ५० गुण प्रत्येक वाइनला मुळातच मिळतात. आणि एखाद-दुसऱ्या गुणाच्या फरकावरून भांडू नका. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये ब्रिटिश वाइन-व्यापारी स्टीव्हन स्पुरियर यांनी झाकून चाखण्याची जी बैठक घेतली, तिथे फ्रेंच परीक्षकांनी लाल वाइनमध्ये कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीपची १९७३ ची वाइन पहिली आणि बोर्दोची शातो मूटाँ-रॉथशिल्ड १९७० दुसरी ठरवली. वीस गुणांच्या पट्टीवर दोघींतलं अंतर अगदी किरकोळ होतं. त्या दिवसाचं महत्त्व कॅलिफोर्निया जिंकण्यापेक्षा एका गोष्टीत जास्त आहे: नाव झाकल्यावर त्या दोघी एकाच पंगतीच्या निघाल्या.

लेबल उघडल्यावर

आता दुसरा निवाडा. इथे प्रश्न बदलतो: ही वाइन आपल्या जमिनीशी, सालाशी आणि घराण्याच्या रीतीशी इमान राखते का? घराण्याची रीत ठाऊक नसेल तर हा प्रश्न विचारताच येत नाही. नव्या ओक लाकडाच्या पिंपामुळे येणारा व्हॅनिलाचा वास उदाहरणादाखल घ्या. ऑस्ट्रेलियाच्या पेनफोल्ड्स ग्रेंजमध्ये तो असणारच, कारण शिराझ (सिराहचंच तिथलं नाव) नव्या अमेरिकन ओकच्या पिंपांत मुरवणं ही मॅक्स शुबर्ट यांनी १९५१ मध्ये घालून दिलेली वाट. जाकोमो कोंतेर्नोच्या मोंफोर्तिनोमध्ये तोच वास आला तर मी दचकेन, कारण ती बारोलो मोठ्या, जुन्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरते. वास एकच, निवाडे दोन.

जर्मनीतल्या मोझेलच्या योह. योस. प्र्यूम घराण्याची तरुण, पांढरी रिस्लिंग गंधकाचा वास देते, तो काही वर्षांत निवतो. स्पेनच्या रिओहातल्या लोपेस दे एरेदिया घराण्याची पांढरी तोंदोनिया बाजारात येते तीच दहा-बारा वर्षांची होऊन, सुक्या मेव्याचा गंध घेऊन. झाकलेल्या फेरीत या दोघींना तुम्ही दोष लावला असेल तर तो शेरा तसाच राहू द्या आणि खाली दुसरा लिहा.

वर्गवारीचा आधार घ्या, पण ती काय सांगते ते ओळखून. बोर्दोच्या घराण्यांची १८५५ ची श्रेणीवार यादी तेव्हाच्या बाजारभावांवरून बनली, आणि पहिल्या श्रेणीत नंतर झालेली एकमेव बढती १९७३ मध्ये मूटाँची. बर्गंडीत दर्जा जमिनीला मिळतो, माणसाला नाही. क्लो द व्हूजो हा सुमारे ५० हेक्टरचा एकच ग्राँ क्रू (सर्वोच्च दर्जाचा) मळा, पण त्याचे ऐंशीच्या आसपास मालक. लेबलावर मळ्याचं नाव तेच असलं तरी आतल्या वाइनमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. तिथे घराण्याचं नाव आधी वाचा.

साल वाईट असेल तर घराण्याने त्यात काय केलं ते पाहा. बोर्दोच्या शातो दिकेमने २०१२ या सालाची आपल्या नावाची गोड वाइन काढलीच नाही. असा नकार देणाऱ्या घराण्यावर माझा विश्वास वाढतो.

आणि फार जुनी, दुर्मीळ बाटली असेल तर चवीआधी नोंदी तपासा. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात बर्गंडीच्या दोमेन पोंसो घराण्याचा क्लो सॅं-दनी १९४५ पासूनच्या सालांचा म्हणून मांडला होता. त्या घराण्याने ती वाइन बनवायला सुरुवातच १९८० च्या दशकात केली होती. त्या घराण्याचे लोराँ पोंसो स्वतः तिथे गेले आणि त्या बाटल्या लिलावातून काढायला लावल्या.

दोन्ही निवाडे झाले की डिकँटरमधलं उरलेलं परत बाटलीत ओतून बूच लावा, थंड जागी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी थोडं चाखा. तरुण वाइन रात्रीत उलगडली असेल तर बाकीच्या बाटल्या अजून काही वर्षं पडू द्याव्यात. सपाट झाली असेल तर उरलेल्या लवकर उघडाव्यात. ही तिसरी नोंद पहिल्या दोहोंच्या खाली, तारीख घालून.